विश्लेषण : शेततळ्याचा कागद का तडकतो? उत्तर इन्फ्रारेड किरणांकडे

जालना जिल्ह्यात मोसंबी आणि द्राक्षाच्या बागा उन्हाळ्यात तग धरतात त्या शेततळ्यातील पाण्यावर आणि हे पाणी टिकते ते अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिकच्या अस्तरावर. शेतकरी त्याला ‘कागद’ म्हणतात. काही कागद वर्षानुवर्षे चालतात, तर काही दोन-तीन उन्हाळ्यांतच कडक होऊन तडकतात. दोन्ही दिसायला सारखेच काळे, दोन्हींवर छापलेली जाडीही तीच. मग फरक कुठे असतो? तो असतो प्लास्टिकच्या रेणूंच्या मांडणीत. हे रेणू कसे गोठतात, कसे वितळतात आणि उन्हात त्यांचे काय होते, हे पाहण्याचे एक जुने आणि भरवशाचे साधन म्हणजे इन्फ्रारेड स्पेक्ट्रोस्कोपी. ते नेमके काय सांगते?

जालन्यात हा प्रश्न महत्त्वाचा का?

जालना हा अवर्षणाची झळ वारंवार सोसणारा जिल्हा. २०१२-१३च्या दुष्काळात येथील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. वर्षानुवर्षे जोपासलेली झाडे शेतकऱ्यांना डोळ्यांदेखत तोडावी लागली. मोसंबीचे झाड फळावर यायला चार-पाच वर्षे घेते. त्यामुळे बाग गेली की नुकसान एका हंगामाचे राहत नाही. त्याच काळात जालना तालुक्यातील कडवंची गावाचे नाव राज्यभर झाले. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालेले पाणलोटाचे काम आणि त्यानंतर गावात झालेली शेकडो शेततळी यांच्या बळावर येथील द्राक्षबागा टिकल्या. पुढे २०१६ मध्ये राज्य सरकारने ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आणली आणि शेततळे हा शब्द घरोघरी पोहोचला.

हिशेब साधा आहे. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल शेततळ्यात बाजूंचा उतार धरून साधारण २० लाख लिटर पाणी मावते. त्याला तळ आणि बाजू मिळून सुमारे हजार चौरस मीटर कागद लागतो. कडेच्या चरात दाबायचा भाग वेगळा. कागद ५०० मायक्रॉनचा, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीचा असेल तर त्याचे वजन अर्ध्या टनाच्या आसपास भरते. या अर्ध्या टन प्लास्टिकवर २० लाख लिटर पाणी आणि त्या पाण्यावर अख्खी बाग अवलंबून असते. एप्रिलमध्ये कागदाला तडा गेला तर पाणी मुरुमात मुरायला फार दिवस लागत नाहीत.

हा कागद नेमका कशाचा असतो?

बहुतेक वेळा पॉलिथिलिनचा. शेततळ्याचे अस्तर, ठिबकच्या नळ्या, मल्चिंगचा पेपर, पाण्याची टाकी, दुधाची पिशवी हे सगळे पॉलिथिलिनच्याच कुटुंबातले. १९३३ मध्ये इंग्लंडमधील इम्पिरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या प्रयोगशाळेत एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन यांना ते जवळपास अपघातानेच सापडले. उच्च दाबाखाली एथिलिन वायूवर प्रयोग सुरू असताना भांड्यात मेणासारखा पांढरा पदार्थ उरला होता. १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल झिग्लर यांनी कमी दाबाखाली अधिक घट्ट पॉलिथिलिन बनवण्याची रीत शोधली. तेच आजचे एचडीपीई. झिग्लर आणि इटलीचे ज्युलिओ नाट्टा यांना १९६३ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

पॉलिथिलिनचा रेणू म्हणजे एक लांबच लांब साखळी. प्रत्येक कडीत एक कार्बन आणि त्याला चिकटलेले दोन हायड्रोजन. रेणूभार एक लाख असेल तर साखळीत सुमारे सात हजार कड्या होतात. एचडीपीईची साखळी जवळजवळ सरळ असते, एलडीपीईच्या साखळीला जागोजागी फांद्या फुटलेल्या असतात. शेततळ्याच्या कागदात एचडीपीईच्या पट्ट्यांचे विणकाम आणि त्यावर प्लास्टिकचा थर, अशी रचना अनेकदा असते. एकसंध जाड फिल्मही वापरली जाते.

प्लास्टिकमध्ये स्फटिक असतात? ते कसे?

स्फटिक म्हटले की मीठ, खडीसाखर, तुरटी डोळ्यासमोर येते. पण पॉलिथिलिनही काही प्रमाणात स्फटिकच असते. समजण्यासाठी तुपाचे उदाहरण घेऊ. कढवलेले तूप थंडीत सावकाश थिजले तर छान रवाळ होते. तेच फ्रीजमध्ये ठेवून झटपट गोठवले तर गुळगुळीत होते. तूप एकच, पण गार होण्याची गती बदलली की आतील कणांची मांडणी बदलते.

प्लास्टिकचेही असेच आहे. फरक इतकाच की येथे रेणू भलतेच लांब असतात. वितळलेल्या पॉलिथिलिनमध्ये साखळ्या शेवयांच्या गुंत्यासारख्या एकमेकींत अडकलेल्या असतात. गार होताना साखळीचे काही भाग सरळ होतात, शेजारच्या साखळीला समांतर बसतात आणि घडी घालून पुन्हा मागे वळतात. अशा घड्या पडत पडत एक पातळ थर तयार होतो. साखळी अशी घडी घालून बसते, ही गोष्ट ब्रिस्टल विद्यापीठातील अँड्र्यू केलर यांनी १९५७ मध्ये मांडली. सात हजार कड्यांची साखळी पूर्ण ताणली तरी तिची लांबी एक मायक्रॉनच्या आत राहते आणि स्फटिकाच्या थराची जाडी त्याच्याही कितीतरी कमी, साधारण १० ते २० नॅनोमीटर असते. म्हणजे एका साखळीला डझनावारी घड्या पडू शकतात.

सगळ्या साखळ्या मात्र अशा शिस्तीत बसत नाहीत. दोन थरांच्या मध्ये गुंता तसाच राहतो. काही साखळ्या एका थरातून निघून गुंत्यातून जात दुसऱ्या थरात शिरतात आणि दोन्ही थर एकमेकांना बांधून ठेवतात. एचडीपीईमध्ये साधारण ६० ते ८० टक्के भाग स्फटिकी असतो, एलडीपीईमध्ये तो ४० ते ५५ टक्क्यांच्या आसपास असतो. स्फटिकी भाग प्लास्टिकला ताकद आणि कडकपणा देतो, तर गुंता आणि बांधून ठेवणाऱ्या साखळ्या लवचीकपणा देतात. कागद घडी घातली तरी मोडत नाही, ओढला तर आधी ताणला जातो, तो या साखळ्यांमुळे.

इन्फ्रारेड किरण रेणूपर्यंत कसे पोहोचतात?

इन्फ्रारेड म्हणजे अवरक्त किरण. डोळ्यांना न दिसणारे, पण उष्णता वाहून नेणारे. १८०० मध्ये विल्यम हर्शेल यांनी लोलकातून पडलेल्या सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यात तांबड्या रंगाच्याही पलीकडे तापमापी ठेवली, तर तेथे पारा सर्वांत जास्त चढला. टीव्हीचा रिमोट ज्या किरणांवर चालतो ते याच कुटुंबातले.

रेणूतील अणू एकमेकांना घट्ट खिळलेले नसतात. स्प्रिंगने जोडलेल्या गोळ्यांसारखे ते सतत कंप पावत असतात. कार्बन आणि हायड्रोजनची जोडी ताणली जाते, आखडते, वाकते, डोलते. प्रत्येक हालचालीची ठरलेली गती असते. झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्का दिला तरच तो उंच जातो, तसेच रेणू आपल्या लयीशी जुळणाराच किरण शोषून घेतो. बाकीचे किरण आरपार निघून जातात. नमुन्यातून किरण सोडायचे आणि कोणते गायब झाले ते मोजायचे, एवढेच या तंत्राचे सार. मिळणाऱ्या आलेखाला वर्णपट म्हणतात. प्रत्येक पदार्थाचा वर्णपट वेगळा, जणू बोटाचा ठसा. अमेरिकेचे विल्यम कोब्लेन्झ यांनी १९०५ मध्ये अनेक पदार्थांचे असे वर्णपट प्रसिद्ध केले आणि या शास्त्राचा पाया घातला. आज प्रयोगशाळांत जे यंत्र असते त्याला एफटीआयआर म्हणतात. त्याला एक वर्णपट काढायला काही सेकंद पुरतात.

वर्णपटातील जागा एका सेंटिमीटरमध्ये किती लहरी बसतात त्या आकड्याने सांगतात. पॉलिथिलिनचा वर्णपट फार सोपा आहे. २९१६ आणि २८४८च्या आसपास कार्बन-हायड्रोजन बंध ताणला जाण्याच्या खुणा, १४६० ते १४७५च्या दरम्यान वाकण्याच्या आणि ७२० ते ७३०च्या दरम्यान डोलण्याच्या. ही शेवटची खूण आपल्या कामाची. त्या वेळी साखळीतील हायड्रोजनच्या जोड्या सेकंदाला सुमारे २१ लाख कोटी वेळा इकडून तिकडे डोलत असतात.

७२० आणि ७३० या आकड्यांत काय दडले आहे?

वितळलेल्या पॉलिथिलिनचा वर्णपट काढला तर ७२०जवळ एकच रुंद शिखर दिसते. तेच गोठले की त्याच्या शेजारी ७३०वर दुसरे शिखर उगवते. एकाची दोन शिखरे का होतात?

लेझीमचे उदाहरण घेऊ. मैदानात मुले पांगलेली असतील आणि जो तो आपल्यापुरता लेझीम हलवत असेल, तर एकाच्या हालचालीचा दुसऱ्यावर परिणाम होत नाही. पण तीच मुले खांद्याला खांदा लावून रांगेत उभी राहिली की शेजाऱ्याचे भान ठेवावे लागते. मग दोनच प्रकार उरतात. दोघे शेजारी एकाच बाजूला डोलतील किंवा एकमेकांच्या उलट डोलतील. या दोन प्रकारांची लय किंचित वेगळी असते.

पॉलिथिलिनच्या स्फटिकात नेमके हेच घडते. या स्फटिकाची रचना सी. डब्ल्यू. बन यांनी १९३९ मध्ये क्ष-किरणांच्या मदतीने उलगडली. त्याच्या सर्वांत लहान घटकात दोन साखळ्या असतात. या दोन शेजारणी मिळून डोलतात तेव्हा त्यांच्या हालचालीची दोन रूपे होतात आणि वर्णपटात दोन शिखरे येतात. ७२०चे शिखर गुंत्यातील आणि स्फटिकातील अशा दोन्ही भागांतून येते. ७३०चे मात्र केवळ स्फटिकातून. म्हणून ७३०चे शिखर हे स्फटिक असल्याची साक्ष ठरते आणि दोन्ही शिखरांच्या उंचीची तुलना केली की स्फटिकांचे प्रमाण किती, याचा अंदाज बांधता येतो. मेणबत्तीच्या मेणातही अशी जोडशिखरे दिसतात, कारण पॅराफिन मेण म्हणजे पॉलिथिलिनचेच आखूड भावंड.

वितळताना आणि गोठताना काय दिसते?

प्रयोग असा असतो. प्लास्टिकचा अतिशय पातळ थर एका छोट्या तापवता येणाऱ्या पेटीत बसवायचा. तापमान मिनिटाला काही अंश या गतीने वाढवत न्यायचे आणि दर काही सेकंदांनी वर्णपट घेत राहायचे. नमुना एचडीपीईचा असेल तर तापमान वाढते तसे ७३०चे शिखर हळूहळू खचू लागते. लहान, पातळ स्फटिक आधी वितळतात, जाड स्फटिक शेवटपर्यंत तग धरतात. १३०-१३५ अंश सेल्सिअसच्या आसपास ७३०चे शिखर नाहीसे होते आणि ७२०चे एकटे, पसरट शिखर उरते. एलडीपीईत हेच १०५ ते ११५ अंशांच्या दरम्यान घडते.

आता तापमान उतरवायला लागायचे. १३० अंशांना वितळलेले प्लास्टिक १३० अंशांना गोठेल अशी अपेक्षा असते, पण तसे होत नाही. नेहमीच्या गतीने गार केले तर एचडीपीईचे ७३०चे शिखर साधारण ११५ ते १२० अंशांच्या दरम्यान परत येते. कारण स्फटिक वाढायला आधी एक सुरुवातीचा ठिपका लागतो. काही साखळ्यांनी प्रथम शिस्तीत बसावे लागते, मग बाकीच्या त्यांना येऊन मिळतात. दह्याला विरजण लागते तसेच हे. कारखान्यात कधी कधी मुद्दाम असे ‘विरजण’ प्लास्टिकमध्ये मिसळतात, म्हणजे ते लवकर आणि बारीक रव्यात गोठते.

एखादा प्रश्न विचारेल, वितळण्याचे तापमान मोजायला इतर यंत्रे आहेतच की. आहेत. डीएससी नावाच्या यंत्रात नमुना वितळताना किती उष्णता घेतो आणि गोठताना किती सोडतो ते अचूक कळते. पण ती उष्णता रेणूच्या कोणत्या भागाच्या हालचालीमुळे आली, हे ते यंत्र सांगत नाही. इन्फ्रारेड ते सांगते. पॉलिप्रॉपिलिनचे उदाहरण बोलके आहे. दोरी, पोती, खुर्च्या ज्यापासून बनतात ते हे प्लास्टिक. त्याची साखळी जिन्याच्या वळणासारखी पिळदार असते. वर्णपटात ९९८चे शिखर येण्यासाठी हा पीळ सुमारे दहा-बारा कड्यांपर्यंत नीट जमावा लागतो. काही शिखरांना त्याहून लांब पीळ लागतो, तर ९७३च्या शिखराला चार-पाच कड्यांचा छोटा पीळही पुरतो. त्यामुळे गोठताना कोणते शिखर आधी आले आणि कोणते नंतर, यावरून पीळ किती लांबीपर्यंत जमला आणि स्फटिक कोणत्या टप्प्यावर आहे, हे पायरीपायरीने वाचता येते. नायलॉनमध्ये ३३००जवळच्या शिखरावरून शेजारच्या साखळ्यांना जोडणारे हायड्रोजन बंध तापल्यावर कसे सैल होतात ते दिसते, तर पाण्याच्या बाटलीच्या पीईटीमध्ये १३४० आणि १३७० ही शिखरे साखळीचे सरळ आणि वाकडे भाग वेगळे दाखवतात.

उन्हात कागद ठिसूळ का होतो?

आता पुन्हा शेततळ्यावर येऊ. शेततळ्याच्या काठावरचा, पाण्याबाहेर राहणारा कागद आधी खराब होतो. पाण्याखालचा जास्त टिकतो. कारण काठावरच्या भागाला थेट ऊन, हवेतील ऑक्सिजन आणि दिवस-रात्रीच्या तापमानातील चढउतार सोसावे लागतात. मराठवाड्यातील उन्हाळ्यात काळ्या कागदाचा पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढेही तापू शकतो.

सूर्यप्रकाशातील अतिनील किरण आणि ऑक्सिजन मिळून पॉलिथिलिनच्या साखळ्यांवर हल्ला चढवतात. ऑक्सिजन स्फटिकांत सहज शिरू शकत नाही, त्यामुळे तुटतात त्या गुंत्यातील साखळ्या आणि दोन थरांना बांधून ठेवणाऱ्या साखळ्या. तुटलेल्या टोकांजवळ ऑक्सिजनचे नवे बंध तयार होतात. वर्णपटात १७१०-१७२०च्या आसपास नवे शिखर उगवते. ताज्या, चांगल्या कागदात ते जवळपास नसतेच. जसजसे ऊन लागते तसतसे ते वाढत जाते. या शिखराची उंची न बदलणाऱ्या एखाद्या शिखराशी ताडून पाहतात. या गुणोत्तराला कार्बोनिल निर्देशांक म्हणतात आणि प्लास्टिक किती ‘म्हातारे’ झाले याचे ते जगभर वापरले जाणारे माप आहे.

पण गोष्ट येथेच संपत नाही. लांब साखळी तुटून आखूड झाली की ती गुंत्यातून मोकळी होते. मोकळ्या झालेल्या तुकड्यांना आता स्फटिकात जाऊन बसायला जागा आणि सवड मिळते. उन्हाची उष्णता त्याला मदतच करते. परिणामी जुन्या कागदात स्फटिकांचे प्रमाण वाढते. वरवर पाहता ही चांगली गोष्ट वाटेल. स्फटिक वाढले म्हणजे ताकद वाढली असेच कुणीही म्हणेल. प्रत्यक्षात उलटे होते. बांधून ठेवणाऱ्या साखळ्या तुटल्या आणि स्फटिक तेवढे वाढले की कागद कडक होतो, ताणला जात नाही आणि घडीवर मोडतो. चुना कमी झालेल्या भिंतीसारखी त्याची अवस्था होते. विटा भक्कम, पण त्यांना धरून ठेवणारे काही नाही. शेतकरी ‘कागद कडक आला’ म्हणतात, त्याचा रेणूंच्या भाषेतील अर्थ हा. ठिबकच्या नळ्या चार-पाच उन्हाळ्यांनंतर वाकवताना चिरतात त्यामागेही बहुतेक वेळा हेच कारण असते.

काळा रंग कशासाठी? त्यातील काजळीसारखा कार्बन ब्लॅक अतिनील किरण स्वतः शोषून घेतो आणि साखळ्यांपर्यंत पोहोचू देत नाही. पॉलिथिलिनच्या पाइपांत आणि नळ्यांत तो साधारण दोन ते तीन टक्के असतो. तो कमी पडला किंवा नीट मिसळला नसला, गुठळ्या राहिल्या, तर कागद काळा दिसतो पण संरक्षण मिळत नाही.

जोडावरच कागद का फाटतो?

शेततळ्याचा कागद एका तुकड्यात येत नाही. शेतावर किंवा कारखान्यात पट्टे एकमेकांवर चढवून गरम यंत्राने जोडतात. हा जोड म्हणजे वितळणे आणि गोठणे यांचाच प्रयोग. दोन्ही पृष्ठभाग वितळले पाहिजेत, दोन्हीकडच्या साखळ्या एकमेकींत मिसळल्या पाहिजेत आणि मग गार होताना त्यांनी एकत्र स्फटिक बांधले पाहिजेत. यंत्राचे तापमान कमी पडले किंवा ते फार वेगाने पुढे नेले तर पृष्ठभागावरचे सगळे स्फटिक वितळत नाहीत. जोड चिकटल्यासारखा दिसतो, पण साखळ्या मिसळलेल्या नसतात. तळे भरले, ताण आला की तो सोलून निघतो. तापमान जास्त झाले तर प्लास्टिक करपते, म्हणजे साखळ्या तुटतात आणि १७१५जवळचे शिखर तेथे पहिल्याच दिवशी हजर असते. मध्ये धूळ किंवा ओल राहिली तरी जोड कच्चा राहतो. म्हणून वाऱ्यात, धुळीत घाईने जोड करू देऊ नयेत.

भेसळ ओळखता येते का?

बऱ्याच अंशी येते आणि इन्फ्रारेडचा शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत थेट उपयोग हाच. पॉलिथिलिनमध्ये भंगारातील पॉलिप्रॉपिलिन मिसळले असेल तर १३७६, ९९८ आणि ८४१ला त्याची शिखरे दिसतात. वजन वाढवण्यासाठी खडूची भुकटी घातली असेल तर ८७५ला टोकदार शिखर आणि १४२०-१४३०च्या सुमारास रुंद शिखर येते. नवा म्हणून विकलेल्या कागदात १७१५जवळ ठळक शिखर असेल, तर त्यात आधीच ऊन खाल्लेला किंवा वारंवार वितळवलेला माल असल्याची शंका घ्यायला जागा असते. मात्र काही संरक्षक रसायनांचीही शिखरे याच भागात येतात, त्यामुळे निष्कर्ष जाणकारानेच काढावा.

वेगवेगळी प्लास्टिके एकत्र वितळवली तरी ती मनाने एक होत नाहीत. गोठताना पॉलिथिलिन आपले स्फटिक वेगळे बांधते, पॉलिप्रॉपिलिन वेगळे. दोघांच्या सीमेवर पकड कच्ची राहते आणि तडा तेथूनच सुरू होतो.

या तंत्राच्या मर्यादा कोणत्या?

पहिली मर्यादा काळ्या रंगाचीच. कार्बन ब्लॅक इन्फ्रारेड किरणही शोषतो, त्यामुळे काळ्या कागदातून किरण आरपार जात नाहीत. अशा वेळी नमुना एका विशिष्ट स्फटिकावर दाबून धरतात आणि किरण आतून परावर्तित करून केवळ पृष्ठभागाचा वर्णपट घेतात. काळ्या नमुन्यासाठी जर्मेनियमचा स्फटिक सोयीचा ठरतो. पण या पद्धतीत वरच्या एखाद-दुसऱ्या मायक्रॉनपुरतीच माहिती मिळते. ५०० मायक्रॉनच्या कागदाच्या पोटात काय आहे ते कळण्यासाठी त्याचा पातळ काप घ्यावा लागतो.

दुसरी मर्यादा, स्फटिकांचे प्रमाण इन्फ्रारेडने काढले तर तो अंदाज असतो. कागद ताणून बनवला असेल तर साखळ्या एका दिशेला झुकलेल्या असतात आणि शिखरांची उंची त्यामुळेही बदलते. म्हणून डीएससी, घनता, ओढून तोडण्याची चाचणी यांच्याशी मेळ घालावा लागतो. तिसरी मर्यादा, हा कागद नेमका किती वर्षे टिकेल असा आकडा केवळ वर्णपटावरून देता येत नाही.

तपासणी कुठे होऊ शकते?

जालन्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत केंद्र सरकारच्या ‘सिपेट’ या प्लास्टिकसंबंधीच्या संस्थेचे केंद्र आहे. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून कार्यरत असून पॉलिमर संशोधनात तिचे नाव मोठे आहे. खुद्द जालन्यात २०१८ पासून मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे, म्हणजे आयसीटीचे मराठवाडा संकुल सुरू झाले. योगायोग असा, की या संस्थेची मुंबईत स्थापना १९३३ची, म्हणजे पॉलिथिलिन सापडले त्याच वर्षाची.

एकट्या शेतकऱ्याने एका तुकड्यासाठी प्रयोगशाळा गाठणे व्यवहार्य नाही. पण शेतकरी गट किंवा उत्पादक कंपनी एकत्र खरेदी करत असेल तर मालाच्या एकूण किमतीपुढे एका नमुन्याच्या चाचणीचा खर्च फारसा जाणवणार नाही.

शेतकऱ्यांनी काय पाहावे?

कागदावर केवळ ‘५०० मायक्रॉन’ लिहिलेले पुरेसे नाही. भारतीय मानक ब्युरोचा आयएसआय मार्क आणि मानकाचा क्रमांक पाहावा. विणलेल्या एचडीपीई अस्तरासाठी आयएस १५३५१ आणि ठिबकच्या लॅटरलसाठी आयएस १२७८६ हे क्रमांक आहेत. पक्के बिल, बॅच क्रमांक आणि चाचणीचा दाखला मागून घ्यावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कागद अंथरण्यापूर्वी त्याचा हातभर तुकडा कापून घरात, उन्हापासून दूर, बिलासोबत ठेवावा. पुढे तक्रार करायची वेळ आली तर तडकलेल्या कागदाचा वर्णपट एकट्याने फारसे सांगत नाही. शेजारी त्याच थानातला ऊन न लागलेला तुकडा असला तर माल मुळातच खराब होता की उन्हाने झाला, हे वेगळे करता येते.

तळे शक्यतो पूर्ण रिकामे ठेवू नये, कारण पाण्याखालचा कागद उन्हापासून वाचतो. काठावरचा उघडा भाग जुन्या कागदाच्या पट्ट्याने, गवताच्या पेंढ्यांनी किंवा शेडनेटने झाकला तर आधी तुटणारा भागच सांभाळला जातो. दरवर्षी पावसाळ्याआधी काठावरचा कागद बोटांनी दुमडून पाहावा. घडी पांढरट पडून चीर गेली तर ती दुरुस्ती त्याच महिन्यात करून घ्यावी. तळे भरल्यानंतर त्या जागेला हात घालता येत नाही.